कॉफीबंगल्याची कडी

“मग तुम्हीच सांगा बाबा, दाराला कडी बाहेरून कोण घालतं?”

चिरागशा बाबा चिलमीतली राख झाडत राहिले.

“बाहेरून कडी, आत बाई मेलेली,” प्रा. राजूरकर म्हणाले. “दारावर नखांचे ओरखडे. खिडकीत पितळेची ताटली. आणि बंगल्यावर दुसरा माणूस एकच, किसन माळी. आणखी काय पुरावा हवा?”

मुकुंद राजूरकर अमरावतीच्या कॉलेजात इतिहास शिकवत आणि ओसाड घरांवर पुस्तकं लिहीत. तीन झाली होती, हे चौथं. गेली दोन वर्षं दर गुरुवारी ते डोंगर चढून बाबांच्या तकियावर, म्हणजे फकिराच्या मठीवर, येत, समोर मांडी घालत आणि स्वतःला शिष्य म्हणवत. आत्मा, माया, मुक्ती, सगळं विचारून झालं होतं. बाबांनी त्यांना कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

तकियाच्या वर, अर्ध्या तासाच्या चढावर, तो कॉफीबंगला होता. सत्तर वर्षं बंद. गावातली गुरंसुद्धा तिकडच्या गवताला तोंड लावत नसत.

“पोलीस पाटलाची नोंद मी स्वतः वाचली,” राजूरकर म्हणाले. “‘बाई बंद खोलीत मृत, दारास बाहेरून कडी.’ मालक वकील, तिकडं शहरात. आजारी बायको हवापालटाला इथं धाडली आणि माळ्याच्या भरवशावर सोडली. माळ्यानं तिला कोंडून मारलं. कशासाठी, तेवढंच सापडायचं आहे.”

“तेवढंच?” बाबा म्हणाले.

“रविवारी पेपरात माझ्या लेखाचा दुसरा भाग येतोय. त्यात नाव येईल.”

ओट्याच्या कडेला बयाबाई बसली होती. ऐंशीला टेकलेली, पाठीतून वाकलेली. गावात देवळाला आणि दर्ग्याला तिचेच हार जात. पहिला भाग छापून आला तेव्हा त्यात नाव नव्हतं, नुसतं ‘बंगल्याचा माळी’ होतं. पण गावाला नाव कशाला लागतं. त्या दिवसापासून तिचा हार कुणी घेतला नव्हता. आजचे पाच हार टोपलीत तसेच होते.

ती किसन माळ्याची मुलगी.

“साहेब,” ती म्हणाली, “माह्या बापाचं नाव राहू द्या.”

“बाई, इतिहास कुणाची भीड ठेवत नाही.” राजूरकरांनी हे वाक्य याआधीही बऱ्याच ठिकाणी वापरलं होतं.

बयाबाईनं मान खाली घातली.

बाबा काठी टेकत उठले. “चाल मास्तर. मले दाखव.”

“तुम्ही? वर येणार?”

“तूच म्हन्तं ना, पुरावा हाय.”

बयाबाई एकदम बोलली, “भाऊ, नको जाऊ.”

बाबांनी ऐकलं नाही.

ऊन अजून चांगलं होतं. वाटेत कॉफीची झाडं माजून माणसापेक्षा उंच झाली होती. चढ संपला तसा पाखरांचा आवाज थांबला. राजूरकरांना हे ठाऊक होतं, पहिल्या भागात त्यांनी त्यावर एक परिच्छेद लिहिला होता. तरी त्यांनी मागं वळून पाहिलं.

बंगल्याचं छप्पर शाबूत होतं. खिडक्यांच्या काचाही. सत्तर वर्षांत एखादा दगड कुणी मारू नये हेच विचित्र होतं.

पायऱ्यांपाशी बाबांनी चपला काढल्या. चार पायऱ्या होत्या. तिसरीवर पाय न ठेवता ते वर गेले. राजूरकरांनी ठेवला आणि दगड खाली डुगडुगला.

“जपून,” बाबा म्हणाले. त्यांनी मागं पाहिलंही नव्हतं.

आत गारवा होता. उन्हाळ्यात असतो तसला सुखाचा नाही... ओल्या फडक्याचा. फरशीवर धूळ बोटभर होती आणि तिच्यावर फक्त राजूरकरांच्या बुटांचे जुने ठसे होते. उंदराचासुद्धा माग नव्हता.

शेवटची खोली. दार एकफळी, शिसवी, आत उघडणारं. ते भिंतीला टेकून उघडंच होतं. राजूरकर उत्साहानं आत शिरले.

“इथं बसून मी फोटो काढले. हे पाहा. हे ओरखडे. किती खाली आहेत पाहिलंत? बाईच्या अंगात उभं राहायचंही त्राण उरलं नसणार.”

बाबा उंबऱ्याबाहेरच थांबले होते. त्यांनी आत पाय टाकला नाही.

“मास्तर, आत बस.”

“बसलोच आहे.”

“मी दार लावतो.”

राजूरकर हसले. “प्रयोग म्हणता? लावा. मला भीती नाही वाटत, बाबा.”

“हाव. ते तू दोन वर्सांपासून सांगून राह्यला.”

दार फिरलं. बाहेर, बरंच वर कुठंतरी, लोखंड लोखंडात बसल्याचा आवाज झाला. मग काठीचा आवाज लांब लांब गेला.

आणि काहीच नाही.

राजूरकरांनी घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. खिडकीतून दरीचा उजेड येत होता. खिडकीबाहेर भिंतीलगत वीतभर रुंदीची दगडी पट्टी होती, तिच्याखाली सरळ कडा. ताटली अजून खिडकीतच होती. त्यांनी ती पुन्हा एकदा मोजली. सवय.

मग दार खरवडल्याचा आवाज आला.

अगदी खाली. गुडघ्याच्या उंचीवर.

“बाबा, पुरे.”

आवाज थांबला. जणू ऐकत होता.

थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. हळू... मग जोरात... मग पुन्हा हळू. मध्येच नाक ओढल्याचा आवाज.

“बाबा, मस्करी पुरे झाली. कडी काढा.”

राजूरकर दाराशी गेले आणि खाली वाकून त्यांनी फळीला तळवा लावला. लाकूड थरथरत होतं. पलीकडून कुणीतरी नेमकं तिथंच बोटं चालवत होतं.

ते मागं सरले ते खिडकीशी जाऊन आदळले. खिडकीच्या एका कोपऱ्यातून बंगल्याची वाट दिसत होती. खाली, फाटकापाशी, बाबा उभे होते. बंगल्याकडे पाठ करून, दोन्ही हात काठीवर. हाकेच्याही पलीकडे.

आवाज चालूच होता.

राजूरकर घाबरले. तीन पुस्तकांच्या लेखकाला घाम फुटला आणि त्यांनी तो पुसला नाही. पण माणूस हाडाचा अभ्यासू. घाबरलेल्या अवस्थेतही त्यांची नजर दाराकडे गेली, आणि तिथंच अडकली.

दाराची आतली बाजू गुळगुळीत होती.

त्यांनी मोबाइलचा उजेड पाडला. वरपासून खालपर्यंत हात फिरवला. एक ओरखडा नाही.

दार आत उघडतं. उघडून भिंतीला टेकलं की खोलीतून दिसते ती त्याची बाहेरची बाजू. त्यांनी दहा फोटो काढले होते, लांबी-रुंदी मोजली होती, आणि कुठली बाजू हे एकदाही लिहिलं नव्हतं.

पलीकडची बोटं थांबली. मग कुणीतरी दाराला पाठ टेकून खाली बसल्यासारखा आवाज झाला. हलका. फार वजन नसलेल्या अंगाचा.

राजूरकर हलले नाहीत.

किती वेळ गेला त्यांना सांगता आलं नसतं. घड्याळात साडेचार झाले होते. काठीचा आवाज आला, कडी निघाली आणि दार उघडलं. बाहेर बाबा एकटेच होते. कडी काढायला चवड्यांवर उभं राहावं लागलं होतं, अजून धापत होते.

धुळीत राजूरकरांच्या बुटांचे ठसे आणि बाबांची अनवाणी पावलं, याखेरीज काही नव्हतं.

“कडी कुठी हाय, मास्तर?”

राजूरकरांनी वर पाहिलं. चौकटीच्या अगदी वरच्या टोकाला.

“सहा फूट दोन इंच,” ते म्हणाले. वहीत होतं.

“आन हे?” बाबांनी काठीनं दाराच्या मध्यावर दाखवलं. कमरेच्या उंचीवर चार भोकं होती, कडी उपटलेल्या खिळ्यांची. बंगल्यातल्या बाकी सगळ्या दारांना कडी त्याच उंचीवर होती. एकाच दाराची तेवढी कुणीतरी काढून वर नेली होती.

“तुह्या घरी हाय का अशी वरची कडी?”

होती. गॅलरीच्या दाराला. मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा राजूरकरांनी स्वतः स्टुलावर चढून ठोकली होती.

त्यांनी त्या चार भोकांवर बोट ठेवलं.

“मूल होतं,” ते म्हणाले. “नोंदीत मूल नाही.”

“नोंदीत कायले असन. पाटलानं मेलेलं माणूस लेहलं.”

दोघं खाली उतरले. तकियावर बयाबाई होती तशीच बसलेली होती. राजूरकर खाली, तिच्यासमोर बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

“बाई, मला सांगाल का? काय झालं होतं वर?”

बयाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. “तुमी आतापावतो कुठी इचारलं, साहेब.”

मग तिनं सांगितलं. मधे मधे थांबून, हारातली वाळलेली फुलं काढत.

“बाईले छातीचा रोग होता. खोकले का रगत पडे. संग पोरगं, चार वर्साचं. ते मायले सोडेच ना. रात्री उठून तिच्या कुशीत घुसे. मंग बाईनंच माह्या बापाले सांगतलं. किसन, कडी वर ठोक, त्याचा हात पोचला नाई पायजे. तो रडला तरी खोलू नको. मी रडली तरी खोलू नको.”

“ती रडली?”

“शेवटच्या दिसात लय रडली. पोराले एकदा पाहू दे म्हने. माह्या बापानं नाई खोललं. जबान देल्ली होती ना. खिडकीखालच्या दगडी पट्टीवर भिंतीले चिपकून तो तिले खिडकीतून ताट दे. इकडून पोरगं दार खरडे. दिसभर. तथीच झोपे. अकरा दिवस.”

तिनं एक वाळकं फूल ओट्याखाली टाकलं.

“बाई गेली. माह्या बापानं पोराले खांद्यावर घेऊन खाली आनलं. तीन बोटाले नखं नव्हते. मी नऊ वर्साची होती, मीच हळद लावली. वकील साहेबाले दोनदा चिठी पाठवली. कोनी आलं नाई. बाप मरेपर्यंत म्हने, बया, मी खोलाले पायजे होतं का गं? आन तुमी म्हन्ता, त्यानं मारलं.”

राजूरकरांना स्वतःची अतोनात लाज वाटली.

“आणि तो मुलगा? रोग लागला नाही त्याला?”

“नाई लागला. लागला असता तं कडी कायले ठोकली होती?” बयाबाईनं पदरानं डोळे पुसले. “इथल्या जुन्या फकिरानं सांभाळलं त्याले, पन सत्तर वर्सं झाले, रोज भाकर मीच देतो. आजची खाल्ली नाई अजून. म्हन्लं होतं, भाऊ, वर नको जाऊ.”

राजूरकरांनी मान वळवली.

चिरागशा बाबा ओट्यावर बसून चिलीम भरत होते. उजव्या हाताच्या तीन बोटांना नखांच्या जागी नुसती जाड, चकचकीत कातडी होती. दोन वर्षं दर गुरुवारी राजूरकर त्याच हाताला डोकं टेकत आले होते.

“बाबा... तुम्ही आधी का नाही सांगितलं? एका शब्दात झालं असतं.”

“तू लेहलं असतं, फकिराचं म्हननं असं हाय. आन खाली तुह्या पाटलाची नोंद.”

हे खरं होतं. त्यांनी अगदी तसंच लिहिलं असतं.

राजूरकरांनी पिशवीतून दुसऱ्या भागाचे कागद काढले आणि आडवे फाडले. “रविवारचं थांबवतो. पहिल्याबद्दल चूक कबूल करून लिहितो, माझ्या नावानिशी.”

“माह्या बापाचं नाव टाका त्यात,” बयाबाई म्हणाली. “मोठ्या अक्षरात.”

“टाकतो.”

तिनं टोपलीतला एक हार उचलून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला आणि हातात तसाच धरून बसले.

ऊन उतरायला लागलं होतं. त्यांना निघायला हवं होतं, शेवटची एसटी साडेसहाची. पण ते उठेनात.

“बाबा.”

“बोल.”

“मी आत असताना... बाहेरून कुणीतरी दार खरवडत होतं. मी हात लावून पाहिला. तुम्ही तेव्हा फाटकापाशी होता.”

बाबांचा हात चिलमीवर थांबला.

“तुम्ही तर जिवंत आहात. माझ्यासमोर बसला आहात. मग तिथं कोण होतं?”

बाबांनी डोंगराकडे पाहिलं. इतका वेळ त्यांनी तिकडं पाहायचं टाळलं होतं. वर, झाडांच्या मागं, बंगल्याच्या एका काचेवर शेवटचं ऊन होतं...

“मले खाली आनलं, पन ते पोरगं तथीच राह्यलं. त्याले अजून कोनी सांगतलंच नाई बाप्पा, का माय गेली म्हनून.”