चोरलेल्या उबेची कहाणी

एका राज्यात एक डोंगर होता. डोंगरावर वरची नगरी, पायथ्याशी खालची वस्ती. नदी एक, पाऊस एक, राजा एक. आग मात्र दोन जातींची. वरच्या नगरीत नुसती काडी पेटवली की सारे घर उबदार होई, लाकूड घालावे लागत नसे. खालच्या वस्तीत चुली पेटत, ज्वाळा नाचत, धूर डोळ्यांत जाई, पण भांडे तापत नसे. ज्वाळेत हात धरला तरी पोळत नसे. पिढ्यान्‌पिढ्या असेच चालले होते.

म्हणून खालची माणसे दाणे भिजवून कच्चेच खात. पोरांची पोटे फुगत, हातापायांच्या काड्या होत. लोहाराचे लोखंड लाल होत नसे. कुंभाराचे मडके भाजत नसे, पावसात त्याचा चिखल होई. माणूस मेले तर चितासुद्धा जळत नसे. मेलेल्याला मातीत पुरावे लागे. आणि वरची माणसे सज्जात उभी राहून म्हणत, "आळशी लोक! साधी चूल पेटवता येत नाही. यांच्या हातालाच गुण नाही."

सणासुदीला राजवाड्यातून गरम पेजेचे हंडे खाली येत. खालच्यांनी राजा मणिसेनाचा जयजयकार करायचा, ओंजळी पसरायच्या, मग एकेक पळी मिळायची. खालची माणसे जयजयकार करत, पेज पीत आणि घरी जाऊन म्हणत, "आपलेच पूर्वजन्मीचे पाप, दुसरे काय!"

त्या वस्तीत भिवरा नावाची एक कुंभारीण राहत असे. नवरा दूरदेशी पोट भरायला गेला तो परतला नाही. घरात ती आणि तिची लेक येसू. एका हिवाळ्यात येसूला हुडहुडी भरली. भिवराने तुळस, आले, मिरे घालून काढा चुलीवर चढवला. ज्वाळा भांड्याला चाटत राहिल्या, काढा विहिरीच्या पाण्यासारखा गारच. तिने पोरीला पोटाशी धरले, पण तिच्या अंगात तरी ऊब ती किती! शेवटी लेकीला पाठीशी बांधून ती डोंगर चढली. वेशीच्या दारात शेगडी धगधगत होती.

"नाईक," ती द्वारपालाला म्हणाली, "पोरीला घटकाभर शेकू द्या."

"सणाला ये."

"सणाला अवकाश आहे."

"मग थांब."

भिवरा थांबली. शेगडी डोळ्यांसमोर होती, आणि येसू आईच्या पाठीवरच गेली.

भिवराने लेकीला नदीकाठच्या वडाखाली पुरले. डोळ्यांत पाणी येईना. तेव्हा वडावरून एक म्हातारा धनेश पक्षी बोलू लागला.

"बाई, तुझ्या हाताला गुण आहे. तुझ्या चुलीची चोरी झाली आहे."

"कोणी केली?"

"या राजाच्या आज्याने. त्याला कधी न आटणारा खजिना हवा होता. दंडपाल मांत्रिकाने खालच्या वस्तीची सारी ऊब ओढून घेतली आणि तिचे लाल मणी केले. एका चुलीचा एक मणी. ते राजाच्या कोठारात आहेत. त्यांच्यावरच वरची नगरी तापते."

"मग ती परत कशी येईल?"

"कोठार उघडले पाहिजे. आणि ज्याची ऊब त्याने ती आपली म्हणून बोलावली पाहिजे. एक ध्यानात ठेव. मागितलेली ऊब परत येत नाही. तुमच्यातला कोणी हात पसरतो, तेव्हा मंत्राची गाठ आणखी आवळते."

भिवरा तशीच दरबारात गेली. "महाराज, कोठार उघडा. आत आमची ऊब आहे."

दरबार हसला. राजा मणिसेनही हसला, पण जरा उशिरा. तो म्हणाला, "जो तीन कामे करील त्याला कोठार उघडे, असा या राज्याचा रिवाज आहे. आधी आपली लायकी दाखव. पाषाणसरोवराचे पाणी आण. ते पिणारा म्हातारा होत नाही."

भिवरा निघाली. पाषाणसरोवराच्या काठी एक दगडी हत्ती उभा होता. जवळ येणाऱ्याची ऊब तो सोंडेने शोषून घेई, आणि माणूस जागच्या जागी गोठे. किती सरदार तिथे गोठून उभे होते. हत्तीने भिवराच्या अंगावरून सोंड फिरवली, पुन्हा फिरवली. शोषण्यासारखे काही सापडेना.

"तुला आधीच कोणी तरी रिकामे केले आहे," हत्ती म्हणाला आणि बाजूला झाला.

तिने पाणी आणले. राजा ते प्यायला. त्याच्या तोंडावरच्या सुरकुत्या गेल्या. तो म्हणाला, "आणलेस खरे, पण उशीर केलास. आता बोलक्या वनातला सोन्याचा आंबा आण."

त्या वनातली झाडे बोलत. येणाऱ्याला ती म्हणत, "तू हीन आहेस. तुझे दैवच फुटके." ज्याला ते पटे त्याच्या पायांना मुळ्या फुटत आणि तो तिथेच झाड होई. भिवरा आत शिरली तशी झाडे सळसळली. "तू कसली आई? चांगली आई असतीस तर काढा उकळला असता." भिवराचे पाऊल जड झाले. तिने खाली पाहिले, तो बोटांना मुळ्या फुटल्या होत्या. आजूबाजूच्या खोडांवर तिला ओळखीचे चेहरे दिसले. आपल्याच वस्तीतले, पोट भरायला म्हणून गेलेले. त्यांत एक तिच्या नवऱ्याचा होता. त्यांची सालीची तोंडेसुद्धा तेच पुटपुटत होती, "आपलेच पाप, आपलेच पाप."

तेव्हा भिवराला राग आला. असा राग तिला जन्मात आला नव्हता.

"माझी चूल चोरली!" ती ओरडली. "चोराला कोणी हीन म्हणत नाही, आणि जिच्या घरी चोरी झाली तिला म्हणता?"

तिने पाय उपटला. दोन बोटे मुळ्यांसकट मातीत राहिली. ती लंगडत पुढे गेली, आंबा तोडला आणि परत आली.

राजाने आंबा खजिन्यात ठेवला. तो म्हणाला, "आणलास खरा, पण पाहा, लंगडते आहेस. वरच्या नगरीतला कोणी धड पायांनी आला असता. आता दंडपालाची काठी आण. तिच्यानेच कोठाराचे दार बांधले आहे."

दंडपाल मांत्रिक डोंगराआडच्या गुहेत अजून जिवंत होता. चोरलेल्या उबेतला हिस्सा खाऊन तो जगत होता, आणि तरीही कांबळ्यावर कांबळे पांघरून कुडकुडत होता.

"काठी दे," भिवरा म्हणाली.

"घे. पण पोरी, तिने तुझे काम होईल असे समजू नकोस. आजवर तू जे आणलेस ते कोणाच्या घरात गेले?"

"राजाच्या."

"मग तो कामे सांगायची कशाला थांबवील?"

"तुला हे ठाऊक होते, तर मंत्र का घातलास?"

"मला हिस्सा मिळत होता," मांत्रिक म्हणाला. त्याने लाजही धरली नाही. भिवराने काठी घेतली आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

दरबारात राजाने काठीसाठी हात पुढे केला. भिवराने ती दिली नाही. "तीन कामे झाली. दार उघडा."

"झाली," राजा गोड आवाजात म्हणाला. "पण चोख झाली नाहीत. तेव्हा एक चौथे काम..."

भिवराला धनेशाचे बोल आठवले. मागितलेली ऊब परत येत नाही. हात पसरणे तेवढेच मागणे नव्हे. लायकी दाखवत फिरणे हेही मागणेच होते. जे आपल्याच घरातले होते, त्यासाठी तिने पाण्यापायी जीव धोक्यात घातला होता, आंब्यापायी बोटे दिली होती, आणि दोन्ही चोराच्याच पदरात टाकले होते.

"चौथे काम मी सांगते," ती म्हणाली, आणि तिने काठी गुडघ्यावर मोडली.

कडाड्‌दिशी आवाज झाला. कोठाराचे दार बिजागऱ्यांसकट कोसळले. आत लाल मण्यांची रास धगधगत होती. पण मणी जागचे हलले नाहीत. ज्यांचे होते ते बोलवायला आले नव्हते.

भिवरा वस्तीत गेली. तिने सारे सांगितले. माणसे माना खाली घालून ऐकत राहिली. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, वरच्यांशी वैर धरले तर सणाची पेजही जाईल."

"तुमच्याच चुलीवर शिजलेली पेज ती!" भिवरा कडाडली. "तुमचीच ऊब तुम्हाला पळीपळीने वाढतात आणि वर पाया पडून घेतात. माझी येसू त्यांच्या शेगडीसमोर मेली. तुमच्या घरात कोण कोण मेले, आठवा. मग ठरवा, पाप कोणाचे ते."

मग मागून एक बाई म्हणाली, "माझे दोघे." दुसरी म्हणाली, "माझी बहीण." मग सगळीकडून नावे येऊ लागली, आणि ती संपेनात. नावे घेत घेतच वस्ती डोंगर चढली.

राजाने त्यांना येताना पाहिले. शिपाई पुढे धाडण्याआधी त्याने पेजेचे हंडे पुढे धाडले. वाफ उठत होती. उपाशी माणसांची पावले अडखळली, हात आपोआप पुढे झाले. त्या गर्दीत आवडा नावाची एक म्हातारी होती. तिच्या पोटात परवापासून काही नव्हते. सगळ्यांत आधी हंड्यापाशी तीच पोचली. तिने वाफेचा एक लांब श्वास घेतला. मग हंड्याला पाय लावून तो उलथा केला.

"माझी चूल आण," ती राजाला म्हणाली. "पेज माझी मी शिजवीन."

शिपायांचे भाले पुढे झाले. पण तोवर म्हातारीने कोठाराकडे तोंड करून हाक घातली होती, "ये ग, माझ्या घरी ये!" राशीतला एक मणी तडकला आणि त्यातून उबेचा झोत निघून डोंगर उतरला. मग भिवराने हाक घातली. मग सगळ्यांनीच. "ही ऊब माझी! ही माझी!" मणी लाह्यांसारखे फुटू लागले. भाल्यांची पाती तापून शिपायांच्या हातांतून गळाली. खाली वस्तीत चुलीचुलीवर पाणी खळाखळा उकळू लागले. बोलक्या वनात खोडांची साल गळून पडली आणि माणसे पाय मोकळे करून घराकडे निघाली. त्यांत भिवराचा नवराही होता. गुहेत कांबळ्यांखाली मूठभर राख उरली.

वरच्या नगरीतल्या शेगड्या विझल्या. मणिसेनाला जन्मात पहिल्यांदा थंडी वाजली. सरोवराचे पाणी प्यायल्यामुळे तो म्हातारा होणार नव्हता. कुडकुडणार मात्र होता, साऱ्या माणसांसारखा.

तेव्हा राजाचा भाट पुढे आला आणि ठेक्यात गाऊ लागला, "धन्य धन्य मणिसेन, दीनांवरी कृपा केली, उबेचे हो दान दिले..."

"थांब," भिवरा म्हणाली. भाट थांबला.

"दान नव्हे. चोरीचा माल परत गेला. असेच गा."

भाटाने राजाकडे पाहिले. राजा काखेत हात घालून दात वाजवत उभा होता. भाटाने घसा खाकरला आणि पहिल्यापासून गाणे सुरू केले. या वेळी त्यात चोराचे नाव होते.

त्या दिवसापासून त्या राज्यात लाकूड घातल्यावाचून कोणाची चूल तापली नाही, आणि लाकूड घालणाऱ्या कोणाची चूल गार राहिली नाही. कोठाराला पुन्हा दार बसले नाही. ज्याची चूल त्याची ऊब. ऐकणाऱ्याने विसरू नये, सांगणाऱ्याने गाळू नये.