अडुळसा आणि आमटी

सकाळी बरोबर साडेनऊला मोठे भाऊजी पुण्याहून आले, ते चार इवल्या कुप्या घेऊनच. भाऊजी रसायनशास्त्राचे डॉक्टर. त्यांच्यापुढे सासूबाईसुद्धा हळू बोलत.

मागच्या खेपेला त्यांनी कुमुदच्या आईने लांज्याहून पाठवलेला अडुळशाचा काढा तपासायला नेला होता, चांगली अर्धी बाटली.

"हे बघ कुमुद, तुझ्या काढ्यातले औषधी घटक. सगळे वेगळे काढलेत. आता उरलेली बाटलीही दे, तिच्यातलेही काढतो."

कुमुदने फळीवरच्या बाटलीकडे पाहिलं. तिच्या तीन वर्षांच्या लेकीचा, मंजीचा, खोकला त्या काढ्यानेच थांबे.

"भाऊजी, मग मंजीला काय पाजू? हे?"

"छे, हे पाजायचं नसतं."

"मग काढा तरी राहू द्या."

"अगं, काढ्यात होतं ते सगळं यात आहे. काही कमी नाही."

कुमुद स्वयंपाकघरात गेली.

दुपारी भाऊजी जेवायला बसले. त्यांची आवडती चिंचगुळाची आमटी आहे, असं त्यांना कळलं होतं. ताटात कच्ची तूरडाळ, हळद, तिखट, मीठ, चिंचेचा गोळा, गुळाचा खडा आणि शेजारी फुलपात्रात पाणी.

"हे काय?"

"आमटी, भाऊजी. घटक वेगळे काढलेत. काही कमी नाही."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. भाऊजींनी डाळीकडे पाहिलं, मग फळीवरच्या बाटलीकडे.

"राहू दे ती बाटली. पण शिजलेली आमटी केलीयेस ना?"

ती गॅसवर केव्हाची उकळत होती.

तुमच्या ओळखीत कुणाकडे असा विद्वान जेवायला येणार असेल, तर त्या घरच्या बाईच्या कानावर ही गोष्ट घाला. काही सुटे घटक तिनेही हाताशी ठेवावेत म्हणावं.