शेपटाला पोचलेलं पाणी

बसा, नीट टेकून बसा. ही हकिगत आपल्या आज्याच्या आज्याला त्याच्या आज्याने सांगितलेली, म्हणजे किती जुनी ते तुम्हीच ठरवा. तेव्हाही सावरदरला वेडी नावाची नदी होती, नदीवर दगडी बंधारा होता आणि बंधाऱ्यातून निघून दीड कोस जाणारा पाट होता. जमीन काळीभोर होती. माणसं कष्टाला मागे हटत नव्हती. तरी गाव दरिद्रीच होतं, असं म्हणतात. दैव देतं आणि कर्म नेतं, असं म्हणून लोक गप्प बसायचे, पण कर्म कुणाचं हे कुणी विचारत नव्हतं.

पाटाच्या तोंडाशी पाटलांची आणि बड्या घरांची शेतं होती. दीड कोस खाली, जिथे पाट संपतो, त्या भागाला शेपूट म्हणत. तिथे बावीस घरं होती. पाणी आलं की वरची शेतं आधी प्यायची, मग पुन्हा प्यायची, आणि शेपटाला नुसता ओला गाळ पोचायचा. वरची जमीन पाणी पिऊन पिऊन चिबड, पाणथळ झाली होती, खालची तडकली होती, आणि पीक दोन्हीकडे नव्हतं. गादीवर येणारा प्रत्येक पाटील काहीतरी मोठं बांधायचा. एकाने बंधारा हातभर उंच केला. एकाने त्यावर दगडी हत्ती बसवला. हत्ती सुंदर होता, पण हत्तीने कुणाचा गहू भिजत नाही.

मग एक पाटील वारला. त्याला मूलबाळ नव्हतं आणि दोन पुतण्यांत पाटीलकीवरून अशी जुंपली की एकमेकांचं तोंड बघेनात. जाणती माणसं म्हणाली, यांचा तंटा मिटेपर्यंत पाटलाच्या बायकोला बसवा, बाई आहे, काय करणार आहे. तिचं नाव ठकाई. जाणत्या माणसांचं जाणतेपण तिथेच संपलं.

मार्गशीर्ष होता. ठकाई पाटलीण झाली त्याच सकाळी शेपटाच्या बावीस घरांनी गाड्या भरल्या होत्या. या खेपेला ते कायमचे निघाले होते. हे हात गेले तर बंधाऱ्याचे दगड उचलायला कुणी उरणार नव्हतं, आणि पुढच्या पुराने बंधारा वाहून गेला असता. बंधाऱ्यामागोमाग गावही गेलं असतं. ठकाई चालत शेपटाला गेली आणि गाड्यांच्या आडवी उभी राहिली. तिथल्या सर्वांत शेवटच्या घराची सकवारबाई पुढे आली.

"पाटलीणबाई, वाट सोडा. पाणी देऊ म्हणणारे लई पाहिले."

"नऊ दिस थांबा," ठकाई म्हणाली. "दहाव्या दिवशी मी सोता बैलं जुंपून देईन."

सकवारबाई म्हणाली, "नऊ. दहावा नाही."

ठकाईने दवंडी पिटवली: आजपासून पाणी शेपटाकडून. शेवटच्या शेताला पहिलं, मग त्याच्या वरच्याला, असं करत करत तोंडाशी. गावाला हसू आवरेना. "पाणी वरून खाली जातं, हे बाईला कुणी सांगा रे." पण दवंडीत आणखी एक गोष्ट होती. पाटाचं पहिलं शेत ठकाईचं स्वतःचं होतं, तेव्हा तिची पाळी सगळ्यांच्या शेवटी येणार होती. हे ऐकल्यावर हसणारे जरा थांबले.

दोन दिवस पाटातून पाणी सरकत राहिलं. तिसऱ्या दिवशी ते अर्ध्यातच आटलं. पाट कुणी फोडला ते बघायला ठकाई पाटाच्या कडेने वर वर येत गेली, तर ज्या वाटेने पाटातलं पाणी तिच्या शेतात शिरायचं, तीच वाट उघडी होती. बांधावर तिचा धाकटा भाऊ हिरामण फावडं घेऊन उभा होता. बहिणीकडे चार दिवस पाहुणा आला होता बिचारा.

"आक्का, तुझ्या गव्हानं मान टाकली. मला बघवंना."

सगळं गाव बांधावर जमलं. आता काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊ म्हणून सोडून देतील, मग आपणही फोडू. पुतणे तर तेवढ्याचीच वाट पाहत होते. ठकाईला भावाचा राग आला नाही, तिला रडू आलं. ती रडली, डोळे पुसले आणि म्हणाली, "हिरामण, तुझी माया खरी. पण चूक माझ्या घरची आहे, तर ती मीच फेडीन." तिने एक मोठा धोंडा त्या वाटेवर लोटायला लावला आणि स्वतः त्यावर जाऊन बसली. "खाली पाणी पोचल्याबिगर मी उठणार नाही," एवढंच ती म्हणाली.

चौथा दिवस गेला, पाचवा गेला. उन्हात बसून तिच्या ओठांना चिरा पडल्या. तिच्या डोळ्यांदेखत तिचा गहू पिवळा पडला. वरच्या बड्या घरांनी मनात हिशेब केला. शेपूट भिजल्याशिवाय आपली पाळी नाही, आणि पाट तर गवताने भरलेला, उंदरांच्या बिळांनी गळणारा. शेपटाला पोचणार कसं? पूर्वी पाट कुठे गळतो हे वरच्यांना बघायची गरजच नव्हती. आता ती पडली. शिव्या देत देत ते फावडी घेऊन पाटात उतरले. सातव्या दिवशी दोघे पुतणे एकाच बिळात माती कोंबत होते, आणि भांडण कशावरून होतं ते काही दोघांनाही आठवेना, असं म्हणतात.

नववा दिवस उजाडला. शेपटाला बैल गाडीला जुंपले होते. ऊन डोक्यावर आलं, मग कललं. एवढ्यात पाटाच्या कडेने एक बाई येताना दिसली, डोक्यावर घागर. सकवारबाई दीड कोस चालत आली, धोंड्यासमोर घागर उतरवली, ओंजळभर पाणी ठकाईच्या तोंडाला लावलं आणि म्हणाली, "पोचलं, माय."

ठकाई उठली. सगळ्या गावाने श्वास सोडला तो असा की कडेची झाडं हलली, असं म्हणतात. पुढचं तर त्याहून नवलाचं. ती उठताच धोंडा आपसूक बाजूला सरला. शेपटाची शेतं पिऊन झाल्यावर पाणी मागे वळलं आणि एकेक शेत भिजवत चढ चढून वर आलं. ठकाईचा वाळलेला गहू सकाळपर्यंत हिरवा उभा राहिला. खरं खोटं वेडी नदीला ठाऊक. मला एवढंच ठाऊक की शेपटाच्या गाड्या उतरल्या त्या पुन्हा भरल्या नाहीत, आणि त्यानंतरच्या पुरात बंधाऱ्यावरचा हत्ती वाहून गेला तरी बंधारा जागचा हलला नाही.

ठकाई पुष्कळ वर्षं पाटलीण राहिली. तिच्यामागून पाटील गेले, सरपंच आले. गाव किती पुढे गेलं ते बघायचं तर शेपटाला जाऊन बघ, असं सावरदरला अजून म्हणतात. दर मार्गशीर्षात पाट सोडतात तेव्हा जो कोणी सरपंच असेल त्याने त्या धोंड्यावर जाऊन बसायचं. सावली करायची नाही, खुर्ची ठेवायची नाही. शेवटच्या घरची बाई घागर घेऊन येईपर्यंत उठायचं नाही. पाट नीट राखलेला असला की दुपारच्या भाकरीला सरपंच घरी असतो. मधे एका सरपंच साहेबांना दोन दिवस बसावं लागलं. त्यांना कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या खेपेला कुणी मतही दिलं नाही.

यंदा सरपंच म्हणून धोंड्यावर सकवारबाईच्याच घरातली सून बसली होती. घागर घेऊन तिची सासू आली. सून आहे म्हणून सासूने पाऊल काही भरभर उचललं नाही. आली, घागर उतरवली, ओंजळ पुढे केली आणि म्हणाली, "पोचलं, माय. ऊठ आता."