काट्यावरचा पंचा

“बुवा, अकरा बरं की बावीस?”

“कशातलं?”

“लिटरमागे. जुनी गाडी अकराचं ॲव्हरेज देते. नवी बावीसचं देईल म्हणतात. बदलू की ठेवू?”

बुवांनी डोळे मिटले…

टेकडीवरच्या त्या मठात सगळे त्यांना मुकेबुवा म्हणत. ते मुके नव्हते. समोरचा बोलायचा थांबेपर्यंत ते बोलत नसत, आणि मठात येणारे लोक सहसा थांबत नसत, म्हणून ते नाव पडलं.

दिगंबरराव कोठावळे तर मुळीच थांबणारे नव्हते. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर म्हणून उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर अडवायला पाणी उरलं नाही, तेव्हा ते पेट्रोल अडवायला लागले. गाडीत एसी लावायचा नाही. डिकीत जड काही ठेवायचं नाही. वाटेत कुणी हात केला तरी थांबायचं नाही, कारण थांबून पुन्हा निघताना गाडी जास्त पिते.

आजही त्यांनी सगळं तोंडपाठ आणलं होतं. विमा, टायर, जुनीचं काय येईल, नवीला काय लागेल. नवी गाडी आपली किंमत पेट्रोलमधून भरून काढायला किती वर्षं घेईल, तेही त्यांनी काढलं होतं. ते उत्तर त्यांना आवडलं नव्हतं. म्हणून तर ते पेट्रोल जाळून टेकडीवर आले होते.

त्यांचं बोलून झालं. बुवांनी डोळे उघडले.

“इंजिनेर, गाडी फिरवतोस किती?”

“फार नाही. अकराच देते म्हटल्यावर बाहेर काढवत नाही.”

“म्हणजे दारात उभी असते.”

“बहुतेक.”

“उभी असताना किती पिते?”

दिगंबरराव हसले. “उभी कशाला पिईल?”

“मग नवी आणून वाचवणार काय?”

असा साधा प्रश्न त्यांना खात्यात कुणी कधी विचारला नव्हता.

“नवी आली की फिरणार ना, बुवा.”

“कुठं?”

“…अक्काकडं.”

हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला. अक्का म्हणजे थोरली बहीण. आई लवकर गेली, दिगंबररावांना अक्कानंच वाढवलं. ती आता हिवरतळ्याला एकटी राहत होती. दोन वर्षांमागं अक्काच फोनवर म्हणाली होती, ये की रे एकदा. दिगंबरराव म्हणाले होते, नवी गाडी घेतो आणि पहिली तुझ्याच दारात आणतो. त्या आनंदात अक्कानं सगळ्या आळीला सांगितलं, आणि गाडीच्या पूजेसाठी म्हणून नारळही आणून ठेवला.

“नारळ आहे अजून?” बुवांनी विचारलं.

“वाळला असेल. नाहीतर तिनं दुसरा आणला असेल.”

“एस्टीनं का नाही गेलास?”

“गाडी आणतो म्हणून सांगितलंय, बुवा. एस्टीतून उतरलो तर आळी काय म्हणेल?”

“आणि जुनी घेऊन?”

“जायचं यायचं म्हणजे टाकी अर्धी खाली होते. नाहीतरी नवी घेणारच आहे, मग तेव्हाच जाऊ म्हटलं…”

“अक्का काय म्हणते?”

दिगंबररावांनी सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला.

“तिला काचबिंदू झालाय. परवा फोनवर म्हणाली, डावा डोळा गेला. उजव्यानं अजून जरा दिसतंय, तेवढ्यात ये.”

…

बुवा उठले. खुंटीवरचा पंचा काढून खांद्यावर टाकला आणि पायऱ्या उतरून थेट गाडीपाशी गेले. कित्येक वर्षांत त्यांनी टेकडी सोडली नव्हती. भाजी निवडत बसलेली माणसं हातातली मेथी तशीच धरून बघत राहिली.

गाडीचं दार उघडेना. ते जरा वर उचलून ओढावं लागायचं. दिगंबरराव धावत गेले आणि उघडून दिलं. बुवा पुढच्या सीटवर बसले.

“बुवा, माझ्या प्रश्नाचं…”

“बस. चालव.”

दिगंबरराव बसले. सवयीनं त्यांचा हात आधी ट्रिपचा आकडा शून्यावर आणायला गेला. मग त्यांनी किल्ली फिरवली.

टेकडीचा उतार लागला तशी त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली आणि इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. टायरखालची खडी तेवढी ऐकू येत होती.

“मेली काय?”

“नाही बुवा, बंद केली. उताराला फुकट जाते.”

“ब्रेक लागतात?”

“जड लागतात. पण पेट्रोल वाचतं.”

बुवांनी शेजारच्या दरीत डोकावून बघितलं. “आपणपण वाचलो तर बरं. चालू कर.”

दिगंबररावांनी इंजिन चालू केलं. जिवावर आलं, पण केलं.

खाली सपाटीला आल्यावर ते दर दोन मिनिटांनी पेट्रोलच्या काट्याकडं बघायला लागले. पुढं लांबलचक चढ होता. काटा जरा हलला की त्यांचा पाय आपोआप वर यायचा, गाडी धापा टाकायची, मागचे ट्रक हॉर्न देत पुढं जायचे. एका वळणावर तर काट्याकडं बघण्याच्या नादात गाडी रस्ता सोडून मुरमावर गेली.

बुवांनी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला आणि काट्यावर अंथरला.

“बुवा, काटा दिसत नाही.”

“रस्ता दिसतो?”

“…दिसतो.”

“मग झालं.”

दिगंबररावांच्या कपाळाला घाम आला. थोडा वेळ नजर पंच्याकडं जात राहिली. पंच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. हळूहळू ती रस्त्यावर ठरली. चढावर त्यांनी पाय दाबला आणि जुनी गाडी अशी काही निघाली की त्यांनाच नवल वाटलं. मघाचा एक ट्रक मागं पडला. मग दुसरा. चढाच्या माथ्यावर आल्यावर पलीकडं हिवरतळ्याचं देऊळ दिसलं. दोन वर्षं ते ज्याला लांब म्हणत होते ते गाव हे एवढं इथं होतं.

वेशीतून आत शिरताना त्यांनी हॉर्न वाजवला. एकदा वाजवला, मग वाजवतच राहिले.

अक्का भिंतीला हात लावत बाहेर आली. लुगड्याचा पदर खोचलेला, हातात हळदीकुंकवाचं ताट आणि ताटात नारळ. पाठोपाठ आळीतली माणसं गोळा झाली.

“आलास व्हय रं दिगू?”

ती गाडीपाशी आली. हातानं चाचपत बॉनेट शोधलं. बोटानं कुंकवाचं स्वस्तिक काढायला लागली. स्वस्तिक जरा वाकडं येत होतं.

दिगंबररावांना राहवेना. त्यांनी बुवांकडं बघितलं. बुवा मुके झाले होते.

“अक्का… नवी नाही गं ही. तीच आहे. जुनी.”

आळीतली कुजबुज थांबली. अक्काचं बोट थांबलं नाही.

“मला काय कळत न्हाई? वेशीपास्नं आवाज वळखला हिचा.”

“मग पूजा कशाला?”

“दोन वरीस दारात आली न्हाई. आमच्या दाराला नवीच की ती.”

तिनं हळद वाहिली, कुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवायला लावली. मग ताट बाजूला देऊन दिगंबररावांचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि उजव्या डोळ्याजवळ आणलं, अगदी जवळ.

“केस पिकलं रं तुझं.”

“दिसतात तुला?”

“दिसत्यात. मिशी का काढलीस?”

दिगंबरराव सगळ्या आळीदेखत रडले आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. वेळेत पोचलो, तिनं बघितलं, एवढंच त्यांच्या मनात घोळत होतं. त्यांनी नारळ उचलला आणि एका दणक्यात फोडला. पाणी बॉनेटवर उडालं.

“आता फिरीव मला,” अक्का म्हणाली. “सांगितलंय सगळ्यास्नी.”

बुवा मागं गेले. अक्का पुढं बसली. मागं बुवांच्या शेजारी दोन म्हाताऱ्या आपणहून शिरल्या. दिगंबररावांनी काचा वर केल्या आणि एसी लावला. गार वारा तोंडावर आला तशी अक्का चपापली, मग पदर सावरून ऐटीत बसली. गाडी देवळाला वळसा घालून, शाळेवरून, तळ्याच्या कडेनं फिरली. प्रत्येक दारापुढं अक्का हॉर्न वाजवायला लावत होती आणि माणसं बाहेर येऊन हात करत होती. मिरवणुकीत एवढी मजा नसेल.

अक्काच्या दारात परत आले, तेव्हा शेजारचा संपत ट्रॅक्टरला टेकून उभा होता. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि गाडीबद्दल सगळे जे विचारतात तेच विचारलं.

“काका, किती देते?”

दिगंबररावांनी समोर बघितलं. पंचा काट्यावर तसाच होता. त्याचं एक टोक घसरलं होतं. त्यांनी ते नीट सारखं केलं.

“बघितलं नाही.”

मागच्या सीटवर मुकेबुवा मोठ्यानं हसले. ते कसे हसतात हे दिगंबररावांनी आजवर ऐकलं नव्हतं.

संपतला काही कळलं नाही. त्यानं टायरला पाय लावून बघितला.

“लई जुनी झाली, काका. बदला की आता.”

अक्कानं मागं हात करून बुवांना खोबऱ्याचा तुकडा दिला. बुवांनी तो तोंडात टाकला, सावकाश चावला…

“बदलली की.”