लिनबाबाचा कातळ

हा समोरचा सपाट खडक दिसतो ना, तो लिनबाबाचा कातळ. मार्गशीर्ष लागला की थेट संक्रांतीपर्यंत अख्खी वाडी उजाडताना इथं उभी राहते. गुडघे जरा सैल, हात छातीपुढं घागर कवटाळल्यासारखे, आणि श्वास संथ, बेंबीच्या खाली. पूर्वेचा वारा नुसता तोंड सोलून काढतो. तुम्ही शहाणी माणसं, विचारणारच की त्याला पाठ का करत नाही. बसा, तेच सांगतो.

फार जुनी गोष्ट आहे. लिन नावाचा चिनी खलाशी आजारी पडला, म्हणून त्याचं जहाज त्याला खालच्या बंदरात टाकून निघून गेलं. मीठ वाहणाऱ्या बैलांमागून तो घाट चढून आला. इथं तान्हूबाई म्हणून एकटी विधवा होती. तिनं त्याला गोठ्यात जागा दिली आणि नाचणीच्या पेजेवर उभा केला, असं सांगतात.

तिला स्वतःला मात्र दर थंडीत खोकला धरायचा. त्या साली तर रक्त पडू लागलं. तेव्हा ताओ पंथाच्या साधूंकडून शिकलेली विद्या लिननं तिला दिली. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणायचा म्हणे, "बाय, थंडीत झाड रस मुळाशी ठेवतं. तू श्वास खाली ठेव. वाऱ्याला पाठ दे."

या कातळावर ती पूर्वेला पाठ करून उभी राही आणि तो तिच्यासमोर, वारा तोंडावर घेत. तिला वाटे, आपला श्वास बघतोय. संक्रांतीपर्यंत खोकला थांबला. लिन पुढं इथंच राहिला आणि पंधरा वर्षांनी इथंच वारला.

बाराव्याला मीठवाला बोलून गेला, "तुझ्या खोकल्याच्या त्या थंडीत याच्या मुलखाचं जहाज खाली बंदराला लागलं होतं, बाई. निरोप मीच आणला होता. तर म्हणाला, हिचा श्वास अजून बसला नाही, पुढच्या जहाजानं जातो." पुढचं जहाज कधी आलंच नाही.

तान्हूबाई त्या दिवशी अन्नाला शिवली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती कातळावर गेली आणि पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. बायका ओढायला लागल्या, तर म्हणाली, "पूर्वेला त्याचं घर, ते बघायचं त्याचं राहिलं. आता मी बघते." मरेपर्यंत तिनं एक थंडी चुकवली नाही.

वाऱ्याला पाठ द्यावी, ही लिनबाबाचीच शिकवण. नव्या सुनेलासुद्धा आम्ही पहिल्यांदा तेच सांगतो. तरी आजही या कातळावर कुणी पाठ करत नाही.