नवतोंड्या राक्षस आणि दोन हजार पाचशे एकवीस लाडू

सरका जवळ, पाय पांघरुणात घ्या. एकदा काय झालं, एका गावाच्या डोंगरावर राक्षस येऊन बसला. त्याला नऊ तोंडं, म्हणून नाव नवतोंड्या.

तो म्हणाला, "आठ दिवसांनी लाडू खायला येईन. दोनपासून नऊपर्यंत कितीही तोंडं उघडीन, माझी मर्जी! सगळ्या तोंडांना सारखा वाटा. वाटून एकच लाडू उरला पाहिजे. तो गावच्या लेकराचा, अशी माझ्या आईची आण आहे. एकही उरला नाही किंवा जास्त उरले, तर लेकरालाच खाईन."

मग कुणाचं लेकरू पुढे करायचं, यासाठी राजाने चिठ्ठ्या टाकल्या. नाव निघालं हौसाच्या बनूचं. एकुलती एक पोर, सहा वर्षांची.

राजा म्हणाला, "शकुनाचे एकशेएक लाडू करा." सगळ्यांनी माना डोलावल्या. आपली खोडच ती, शकुनाचं केलं की झालं काम! हौसा मात्र अंगणात चिंचोके घेऊन बसली. दोन वाटे केले, एक उरला. तीन केले, तर दोन उरले. "आग लागो त्या शकुनाला," म्हणाली ती.

मग तिने तीनशे साठ मांडले, वर एक ठेवला. दोन वाटे, तीन, चार, पाच, सहा, दर वेळी एकच उरला, बरं का. हौसा हरखली. सात केले, आणि उरले चार! आठ-नऊलाही जमत होतं, एकटा मेला सातच आडवा आला.

मग तिला सुचलं. सात रुसतो ना, मग त्याचीच समजूत घालू. शेजारणींकडून चिंचोके आणले आणि तीनशे साठांचे सात ढीग मांडले. सात ढीग, म्हणजे सातांना सारखे झालेच की! बाकीच्यांना प्रत्येक ढीग सारखा वाटता येतोच. झाले दोन हजार पाचशे वीस. वर एक. मग सारं गाव लाडू वळायला बसलं.

आला नवतोंड्या. दोन तोंडं उघडली, बाराशे साठ-बाराशे साठ, उरला एक. "नशीब तुमचं," म्हणत त्याने लाडू पुन्हा एकत्र केले. मग सात तोंडं उघडली. तीनशे साठ-तीनशे साठ, उरला एक. आता तो इरेला पेटला. नऊच्या नऊ तोंडं उघडली! दोनशे ऐंशी-दोनशे ऐंशी, आणि उरला एकच.

आईची आण मोडता येते होय? मुकाट्याने त्याने तो लाडू बनूच्या ओंजळीत ठेवला. नऊ तोंडांनी आपापला वाटा खाल्ला आणि राक्षस गेला, तो पुन्हा फिरकला नाही.

बनूने तिथंच लाडू खाल्ला. हौसाने तिला उचललं आणि रडत रडत मुके घेतले. आठ दिवस मोजत बसलेली बाई, पण मुके किती घेतले ते काही तिने मोजलं नाही.

सगळं गाव सुखाने नांदलं. मिटा आता डोळे.