येसूच्या भिंतीला टेकलेली पाठ

हिवरतळ्याच्या बांधावरून खाली उतरलात की दिसेल, सगळी भिंत शेवाळलेली, मधला हातभर तुकडा तेवढा गुळगुळीत. या वाटेनं जाणारा प्रत्येक गवंडी तिथं पाठ टेकून जातो, त्यानंच दगड असा झाला, असे सांगतात.

इथली भिंत येसूनं बांधलेली. ती कुंभाराघरची विधवा. पोटासाठी राणोजी गवंड्याकडे चुना कालवायला आली आणि थापी मागू लागली. गाव हसलं. राणोजी हसला नाही, पण त्यानं सुखासुखी शिकवलंही नाही. सात वर्षं तिनं दगड घडवले. दोनदा भिंत उभी केली, दोनदा त्यानं लाथ घालून पाडली. दर्शनी दगड देखणे, पोटात नुसत्या कपच्या! "बडा घर पोकळ वासा," एवढंच तो म्हणे. कौतुकाच्या नावानं शंख.

पुढं तळ्याच्या बांधाला खिंडार पडलं. ते बांधायचं काम त्यानं तिलाच दिलं. या खेपेला तिनं थराथरात आरपार जाणारे लांब दगड घातले.

त्या वर्षी तळं तुडुंब भरलं. पाऊस थांबून ऊन पडलं, तरी डोंगराचं पाणी येतच होतं. भर दुपारी माणसं पहारी घेऊन आली. बाईची भिंत फुटून गाव वाहून जाण्याआधी आपणच ती थोडी उतरवून पाणी सोडू, असं त्यांचं म्हणणं. एकदा पहार लागली की येसूच्या हाती पुन्हा कुणी थापी दिली नसती. तिला रडू आवरेना.

राणोजी बांधाच्या कोरड्या बाजूला उतरला आणि भिंतीला पाठ लावून बसला.

"फोडायची तर माज्या पाठीसकट फोडा."

आणि फडक्यात बांधलेली भाकरी सोडून निवांत जेवू लागला म्हणे. कुणाचीही पहार उचलली गेली नाही.

दिवस कलता पाणी उतरलं. राणोजी उठला, येसूकडे पाठ करून उभा राहिला. "हात फिरीव, पोरी."

तिनं बंडीवरून हात फिरवला. "कोरडी हाय, बाबा."

"मग रडतीस कशापायी? उद्यापास्नं थापी तुजी."

आता सिमेंट आलं, आयटीआयचा कागद आला. सात वर्षं कोण थांबतो? ती माणसं आठवली की जीव हळहळतो. पण आजही इथं शिकणाऱ्याची पहिली भिंत उभी राहिली, की शिकवणारा तिला टेकून भाकरी खातो. मग शिकणारा त्याच्या पाठीवरून हात फिरवतो. भिंतीपलीकडे पाण्याचा टिपूस नसतो, तरी तो म्हणतो, "कोरडी हाय, बाबा."